वॅगन आर : पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायचे आहेत, पण आतला पॅडच जास्त का झिजलाय?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची वॅगन आर, पेट्रोल, मागच्या वर्षी सेकंडहँड घेतली. घर चिपळूणला, नोकरी पाटणला, त्यामुळे कुंभार्ली घाट पाचवीला पुजलेला. गेले काही दिवस हलका ब्रेक लावला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक चिरका आवाज येतो. जोरात लावला की आवाज गायब.

रविवारी स्टेपनी बदलतात तसं चाक काढून बघितलं. डावीकडचा बाहेरचा पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, आतला मात्र पत्र्याला टेकायच्या बेतात. उजवीकडे दोन्ही साधारण सारखे. गॅरेजवाल्याने चाक न काढता, नुसता आवाज ऐकून पॅड, दोन्ही डिस्क आणि मजुरी धरून साडेआठ हजार सांगितले. डिस्क का, तर "पॅडबरोबर बदलतातच".

मोटारसायकलचे ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट वगैरे मी स्वतःच करतो. पाने, गोट्यांचा (सॉकेटचा) संच, सी-क्लॅम्प घरात आहे. कारच्या ब्रेकला हात लावलेला नाही. घरच्या अंगणात हे काम जमण्यासारखं आहे का? आणि एकाच बाजूचा आतला पॅड संपला, हे कसं?

डेक्कनचा_प्रवासी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला उभी राहते. ब्रेक गेला तर घाटात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तीन-चार हजार वाचवायला हा उद्योग कशाला? दुसऱ्या गॅरेजला दाखवा.

पानाबारा

डेक्कनवाल्यांची काळजी रास्त आहे. पण या भावाने चाक काढून चारही पॅड बघितलेत. गॅरेजने जे करायला हवं होतं ते त्याने केलंय. करू द्या त्याला.

माझी ओळख एवढीच : एसटीच्या वर्कशॉपात यांत्रिक होतो, आता कराडला घरी असतो. एसटीचे ब्रेक हवेवरचे आणि ड्रमचे, त्यांचा तुमच्या कॅलिपरशी, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाशी, फारसा संबंध नाही. पण रिटायर झाल्यापासून गल्लीतल्या गाड्या दारात येतात, आणि त्यात पुढच्या पॅडचं काम सगळ्यात जास्त.

पॅड नंतर. आधी आतलाच का झिजला ते बघू. तुमच्या कॅलिपरला पिस्टन एकच, तोही आतल्या अंगाला. पॅडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो, आणि त्याच रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो, तेव्हा कुठे बाहेरचा पॅड डिस्कला भिडतो. पीन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही. सगळा भार आतल्या पॅडवर, आणि पाय काढला तरी तो धड सुटत नाही. दिवसभर थोडा थोडा घासत राहतो. कोकणातल्या पावसात हे हमखास बघायला मिळतं. पिनेवरच्या रबरी बुटाला चीर गेली की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि पीन गंजून बसते. अशा गाडीत नुसते नवे पॅड घातले तर वर्षभरात तुम्ही पुन्हा हाच प्रश्न घेऊन याल.

दुसरी शक्यता पिस्टनच अडकल्याची. पिस्टनला मागे ओढायला स्प्रिंग नसते. त्याच्याभोवती चौकोनी काटाचं रबरी सील असतं. ब्रेक लागताना ते किंचित पिळतं, सोडला की सरळ होतं आणि सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. पिस्टनवर गंज आला की हे बंद पडतं. दोन्हीपैकी काय झालंय ते कॅलिपर उघडल्यावर लगेच कळेल.

आवाजाचं म्हणाल तर तो मुद्दाम ठेवलेला असतो. पॅडला पत्र्याची छोटी पट्टी असते, पॅड संपत आला की ती डिस्कला लागून किंचाळते. तीन मिलिमीटरच्या खाली पॅड गेला की बदलायचाच. नवा साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. एकाच चाकाचे बदलायचे नाहीत, डावे-उजवे मिळून चार पॅडचा सेटच येतो.

आता अंगणाबद्दल. तुमच्याकडे जांभ्याचे चिरे घरोघरी पडलेले असतात म्हणून आधीच सांगतो : चिऱ्यावर गाडी टेकवायची नाही. दिसायला दणकट, पण एका कडेवर भार आला की चिरा भुगा होतो. सिमेंटचा पोकळ ब्लॉक त्याहून वाईट. गाडीसोबतचा जॅक फक्त उचलण्यापुरता. उचलली की खाली लोखंडी स्टँड लावायचा आणि काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवायचं. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही. चिरे वापरायचेच असतील तर मागच्या चाकांना उटी म्हणून, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून अडसर म्हणून लावा, तिथे ते उत्तम. अंगण मातीचं असेल तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड फळी.

एक गोष्ट भले भले विसरतात. गाडी गिअरमध्ये टाकली म्हणजे जागेवर राहील असं वाटतं. तुमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. पुढचं एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरतं आणि गिअरचा अडसर राहत नाही. गाडी धरून ठेवतो तो फक्त हँडब्रेक, कारण तो मागच्या ड्रममध्ये आहे, आणि मागच्या चाकांची उटी. या दोन्ही गोष्टी केल्याशिवाय जॅकला हात लावू नका. चाकाचे नट आधी जमिनीवरच अर्धा आटा सैल करून घ्या.

उघडताना एक बाजू पूर्ण संपवा, मग दुसरी. म्हणजे काय कुठे होतं ते बघायला एक नमुना शिल्लक राहतो. कॅलिपरच्या मागचे बोल्ट समोर येतील अशा बाजूला स्टिअरिंग पूर्ण वळवा. बोल्ट सोडवताना आतली पीनही फिरायला लागते, तिला पातळ पान्याने धरा. बरेचजण खालचाच बोल्ट काढून कॅलिपर वर उचलतात आणि पॅड बदलून मोकळे होतात. तुम्ही दोन्ही काढा, कारण तुमचं खरं काम पिनांत आहे. सुटलेला कॅलिपर तारेने वरच्या स्प्रिंगला बांधायचा. ब्रेकच्या रबरी होजवर लोंबकळत ठेवलात तर होज आतून फाटते, वरून काही दिसत नाही. आणि घरात सगळ्यांना ताकीद द्या, कॅलिपर उघडा असताना पॅडलवर कोणीही पाय ठेवायचा नाही. पिस्टन बाहेर आला तर तेल वाहून जाईल आणि काम दुप्पट होईल.

पिना ओढून बघा. चांगली पीन बोटाने सरकते. जाम असेल तर पाना लावून पिळत पिळत काढा, हातोडा नको. बारीक पॉलिश पेपरने गंज काढा, भोक कपड्याने पुसा. पिनेवर खड्डे पडले असतील किंवा बूट फाटला असेल तर पीन आणि बूट नवेच घ्या, किट मिळतं, फार महाग नसतं. दोन्ही पिना सारख्या नसतात. बऱ्याच गाड्यांत एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. जी ज्या भोकातली ती तिथेच गेली पाहिजे. ग्रीस सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठी म्हणून मिळतं तेच. चॅसिसचं पिवळं ग्रीस, इंजिन ऑइल, स्प्रे काहीही चालणार नाही. पेट्रोलियमचं ग्रीस लागलं की आतलं रबर फुगतं आणि मोकळी केलेली पीन महिन्याभरात पुन्हा घट्ट.

पिस्टन मागे ढकलायच्या आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण सैल करा. पॅड झिजत जातात तशी तेलाची पातळी खाली जाते. मध्ये कोणीतरी ती भरून काढलेली असते, आणि पिस्टन मागे गेला की जादा तेल डब्यातून उतू जातं. हे तेल रंगावर पडलं की रंग उचलतं. सुई नसलेल्या सिरिंजने आधीच थोडं काढून ठेवा, सांडलंच तर लगेच भरपूर पाणी. मग जुना पॅड पिस्टनवर धरून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. पिस्टन गुपचूप आत गेला तर शुभ. सगळा जोर लावूनही हलत नसेल तर तिथेच थांबा आणि कॅलिपर गॅरेजला न्या. जबरदस्ती करायची ही जागा नाही.

काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपाने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आताच्या पॅडची धूळही फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नसते. ब्रेक क्लीनर मारा नाहीतर साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा.

डिस्क बदलायची की नाही हे अंदाजाने ठरत नाही, मापून ठरतं. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. फक्त व्हर्निअर नुसता लावू नका. डिस्कच्या कडेला न झिजलेली धार उभी राहते, जबडा तिच्यावर बसतो आणि माप जास्त येतं. दोन्ही बाजूंना एकेक एक रुपयाचं नाणं धरा, वरून मापा, मग नाण्यांची जाडी वजा करा. बसवताना पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला बोट लावू नका, ग्रीस तर नाहीच.

बोल्ट किती आवळायचे तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराएवढंच आवळता येणारा) कोणाकडून तरी मागून आणा. कॅलिपरचे बोल्ट लहान असतात, चाकाच्या नटाएवढा जोर लावला तर आटे जातात.

सिंहगडरोड

काकांनी लिहिलंय ते पुढच्या डिस्कचं. दुसरं कोणी हे वाचून मागच्या डिस्कला हात घालणार असेल तर थांबा. मागे डिस्क असलेल्या बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक कॅलिपरच्या आतच असतो, तिथला पिस्टन सी-क्लॅम्पने दाबून जात नाही, फिरवत फिरवत आत घालावा लागतो. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडला न्यावी लागते, नाहीतर मोटर तुटते. माझ्या गाडीला तो आहे, मी मागचं काम बाहेरच करून घेतो.

गोवळकोट

चिपळूण आणि सेकंडहँड हे दोन शब्द एकत्र आले की मला एकच शंका येते. जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी पाण्यात होती का? आमच्या आळीत तेव्हा बुडालेल्या किती गाड्या नंतर धुऊन-पुसून बाहेर विकल्या गेल्या. पिना जाम होण्याचं ते कारण असू शकेल.

वाशिष्ठीकाठ

विकणारा साताऱ्याचा होता, पूर बघितलाच नाही म्हणाला. काका, पिनांवरून कळेल का?

पानाबारा

पिनांवरून नाही कळणार. साताऱ्याच्या पावसातही पीन गंजते. पुराचा गाळ बघायचा तर पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, एरवी गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. सीटखालचे रूळ बघा. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात कोपरे नखाने खरवडा. तिथे स्वच्छ असेल तर झोपा निवांत.

वाशिष्ठीकाठ

सीटबेल्ट स्वच्छ, रूळ स्वच्छ. गोवळकोटकर, तुमचा जीव भांड्यात पडू द्या, माझा पडलाय.

आणि काम झालं! डावीकडची वरची पीन बोटाने आली. खालचीला पाना लावून बराच वेळ पिळावं लागलं, बाहेर आली ती तपकिरी, ग्रीसचा मागमूस नाही, बूट कडेने चिरलेला. बाजारात पॅडचा सेट आणि पिनांचं किट मिळून दोन हजारांच्या आत बसलं. पिस्टन दोन्हीकडचे सहज आत गेले. डिस्क नाणी लावून मापल्या : किमान जाडीपेक्षा मिलिमीटरभर जास्त आहेत, खोल चरे नाहीत, तशाच ठेवल्या. डब्यातलं तेल खरंच काठोकाठ होतं, सिरिंज नसती तर बॉनेटखाली राडा झाला असता. उजवीकडच्या पिनाही साफ करून घेतल्या.

अजून गाडी फाटकाबाहेर काढलेली नाही. आता काय करू? सोमवारी ड्युटी आहे.

पानाबारा

शाब्बास. गाडी सुरू करायच्या आधी पॅडल दाबत राहा, कडक होईपर्यंत. पिस्टन आत ढकललेला आहे, पहिले काही वेळा पाय थेट तळाला जाईल. हे न करता गाडी काढणारे फाटकच घेऊन जातात. तेलाची पातळी बघा, झाकण घट्ट करा. मग सपाट जागेत माणूस चालतो त्या वेगाने दोनचार वेळा थांबवून बघा, हात हँडब्रेकवर.

नंतर मोकळ्या रस्त्यावर साठपर्यंत जा आणि मध्यम ब्रेकने वीसपर्यंत उतरवा. पूर्ण थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर ब्रेक न लावता चालवत पॅड गार होऊ द्यायचे. नव्या पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. गरम असताना पॅडल दाबून उभे राहिलात तर एकाच जागी डाग बसतो, मग ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं.

सोमवारी घाट टाळता येत असेल तर टाळा, बसने जा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पॅडना ताव देऊ नका, आणि हेळवाक सोडल्यापासून पोफळीपर्यंतचा उतार म्हणजे तावच. पुढेही उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय टेकवून उतरणाऱ्यांचे पॅड जळतात, वास येतो तो त्याचाच.

चाकाचे नट समोरासमोरचे असे आलटूनपालटून आवळलेत ना? पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

तेल शेवटचं कधी बदललंय माहीत नसेल तर तेही पावसाळ्याआधी बदलून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ या प्रतीचं तेल नवं असताना त्याच्या उकळबिंदूची किमान अट २३० अंशांची, पाणी मुरल्यावर तीच १५५ वर येते. घाटात कॅलिपर तापला, तेलात वाफ झाली की पॅडल मऊ पडतं. डॉट ३ की ४ ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ५ म्हणून मिळतं ते सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. आणि गेल्या वर्षी उघडलेली बाटली कपाटात असेल तर ती वापरू नका, शंभर-दोनशे रुपयांची तर गोष्ट.

वाशिष्ठीकाठ

काका, बसने गेलो, गाडी बहादूरशेख नाक्याच्या पुढे हायवेला नेऊन पॅड बसवून घेतले. आवाज बंद, गाडी एका बाजूला ओढत नाही, दोन्ही चाकं सारखीच तापतात. फक्त पॅडल थोडं खाली जातं. एकदा दाबून लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर कडक लागतं. हवा गेली असेल का?

पानाबारा

तुम्ही लाइन कुठेच उघडलेली नाही, डबाही रिकामा झाला नाही. हवा जाणार कुठून? पाय दाबून धरल्यावर पॅडल हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडर (पॅडलच्या जोराने तेल चाकांकडे ढकलणारा) बघावा लागेल. तसं नसेल आणि दुसऱ्या दाबाला वर येत असेल, तर मागच्या ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासणारे) आणि ड्रमचं अंतर वाढलंय. पुढचे पॅड जुने होते तेव्हाही असणार, तुमचं लक्ष आत्ता गेलं. हँडब्रेक किती कट्टे (कट-कट आवाज) वर येतो?

वाशिष्ठीकाठ

नऊ-दहा. उंच येतो खरा. घ्यायच्या वेळेपासून तसाच आहे.

पानाबारा

मग तेच. हँडब्रेकची केबल ओढून कट्टे कमी करायच्या फंदात पडू नका, सगळे आधी तेच करतात. केबल आवळली की शू अर्धवट उघडेच राहतात आणि शू-ड्रममधलं अंतर जुळवणारा आतला ॲडजस्टर काम करेनासा होतो. ड्रम उघडा, शूची जाडी बघा, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबराखाली तेलाची ओल आहे का बघा, ॲडजस्टर साफ करा. केबल शेवटी.

आणि या वेळी सगळं उलटं : मागची चाकं उचलायची, उटी पुढच्या चाकांना, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि हँडब्रेक खाली. तो वर असेल तर ड्रम निघणारच नाही. ड्रम गंजून बसला असेल तर त्यावर दोन आट्यांची भोकं आहेत का बघा, त्यात योग्य मापाचे बोल्ट आलटूनपालटून फिरवले की तो आपोआप बाहेर ढकलला जातो. स्प्रिंगा काढायच्या आधी फोटो काढा.